इन्फिनीबँडचा क्लस्टर इथरनेटवरच्या स्टोरेजला जोडायचाय: गेटवे बॉक्स घ्यावा की लिनक्स राउटर?

घणसोलीकर

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाई आहे कारण कोटेशनवर याच महिन्यात सही व्हायचीय.

महापेला आमची लॅब आहे, सीएफडीचं काम चालतं, म्हणजे पंप, व्हॉल्व, पाइपातले प्रवाह यांची सिम्युलेशनं. क्लस्टर छोटाच आहे. २८ कंप्युट नोड, २ लॉगिन नोड, २ बीजीएफएसचे (सगळ्या नोडना सामायिक फायली देणारे) सर्व्हर आणि हे सगळं एका ३६ पोर्टच्या ईडीआर इन्फिनीबँड स्विचवर, म्हणजे क्लस्टरसाठीच्या खास वेगवान जाळ्यावर, १०० गिगाबिटवालं. त्या जाळ्यातले रस्ते ठरवणारा सबनेट मॅनेजर म्हणून ओपनएसएम हे सॉफ्टवेअर एका लॉगिन नोडवर चालतं. बाहेर जायचा वेगवान रस्ता फक्त लॉगिन नोडच्या १० गिग इथरनेट पोर्टातून, बाकी प्रत्येक नोडला १ गिगचं मॅनेजमेंट नेटवर्क आहे ते वेगळं.

आता नवीन एनएएस, म्हणजे नेटवर्कवर जोडायचं स्टोरेज, आलंय, बंद पेटी आहे, मागे फक्त १०० गिग इथरनेटचे पोर्ट, त्यात इन्फिनीबँडचं कार्ड घालता येत नाही, विचारून झालंय. आणि मुलांना जॉब चालू असतानाच सगळ्या नोडवरून त्यातल्या फायली वाचायच्या-लिहायच्यात. सध्या लॉगिन नोडवरून आरसिंक करतो, एका मोठ्या रनचा निकाल ८-१० टीबी होतो, तो १० गिगवरून ढकलायला दोन-अडीच तास जातात आणि कोणी चुकून मॅनेजमेंटच्या १ गिगवरून लावला तर अख्खा दिवस. शिवाय कॉपी जोरात चालू असली की त्याच वेळी चालणारे एमपीआय जॉब (अनेक नोड एकमेकांशी बोलत मिळून चालवतात ते) मंदावतात, ज्यांचा त्या फायलींशी काही संबंध नाही ते पण. हे का होतं ते मला नीट कळलेलं नाही.

व्हेंडरने इन्फिनीबँड-इथरनेट गेटवे अप्लायन्स सुचवलंय. आकडा बघून आमचे साहेब खुर्चीत मागे रेलले. तर असा बॉक्स नेमकं काय करतो, तेच काम दोन कार्डं घातलेल्या लिनक्स सर्व्हरने होईल का, आणि पलीकडच्या एनएएसशी आरडीएमए (सीपीयूला मधे न घेता एका मशीनच्या मेमरीतून थेट दुसऱ्याच्या मेमरीत डेटा नेणं) चालेल का, ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा.

रबाळेचा_केबलवाला

नोडमध्ये रिकामा स्लॉट आहे का ते आधी बघा. असेल तर २५ गिगचं इथरनेट कार्ड प्रत्येक नोडला लावा, एक स्विच घ्या, डॅक केबल टाका, गेटवेची भानगडच नको. २८ नोड म्हणजे फार नाही.

घणसोलीकर

@केबलवाला, नाही ना. २ यूमध्ये ४ नोड असलेल्या चेसिस आहेत, प्रत्येक नोडला एकच लो प्रोफाइल स्लॉट आणि त्यात इन्फिनीबँड कार्ड बसलंय. हा विचार सगळ्यात आधी केला होता.

रबाळेचा_केबलवाला

मग विषय संपला. वाचनखूण साठवली, वाचतोय.

जुनापॅकेट

मी ठाण्यातला, निवृत्तीला टेकलोय, पण या तारांत बरीच वर्षं गेली म्हणून जरा सविस्तर लिहितो, घाईत असाल तर शेवटचा परिच्छेद वाचा.

इन्फिनीबँड आणि इथरनेट या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात, तीच ऑप्टिकल केबल, तसाच पोर्ट, कार्डसुद्धा एकच असू शकतं, पण आत पत्ते वेगळे आणि शिस्त वेगळी. इथरनेटमध्ये मॅक पत्ता ६ बाइटचा आणि स्विच येणाऱ्या फ्रेम बघून आपला आपण शिकतो. इन्फिनीबँडमध्ये स्विच काही शिकत नाही, सबनेट मॅनेजर सगळं जाळं फिरून प्रत्येक पोर्टला एलआयडी नावाचा १६ बिटांचा नंबर देतो आणि प्रत्येक स्विचमध्ये रस्ते लिहून ठेवतो. त्याच्यावर आयपी चालवायची सोय म्हणजे आयपीओआयबी, इंटरनेटच्या नियमावलीतले आरएफसी ४३९१ आणि ४३९२, साल २००६. त्यात हार्डवेअर पत्ता २० बाइटचा असतो, थोडे फ्लॅग, मग क्यूपी नंबर (कार्डातल्या रांगेचा), मग १६ बाइटचा जीआयडी (त्या पोर्टची ओळख). आता २० बाइटचा पत्ता ६ बाइटच्या खणात बसणार कसा? म्हणूनच लिनक्सच्या साध्या ब्रिजमध्ये आयबी-झीरो (इन्फिनीबँडचा पोर्ट) टाकायला गेलात तर तो घेतच नाही, व्हर्च्युअल मशीनवाले हमखास इथे अडकतात.

यावर पूर्वी बऱ्याच जणांनी बऱ्याच युक्त्या केल्या. टॉपस्पिन कंपनीचे चेसिस होते, त्यात इथरनेट गेटवेचं मॉड्यूल बसायचं, ती कंपनी २००५ मध्ये सिस्कोने घेतली. व्होल्टेअरचा ४०३६ई होता, क्यूडीआर (इन्फिनीबँडच्या जुन्या पिढीचा) स्विच आणि त्यातच १० गिगचे इथरनेट पोर्ट, व्होल्टेअर २०११ मध्ये मेलानॉक्सकडे गेली. मेलानॉक्सचा ब्रिजएक्स होता, तो इथरनेटची अख्खी फ्रेम इन्फिनीबँडच्या पॅकेटात गुंडाळून न्यायचा, पण त्याला प्रत्येक नोडवर खास ड्रायव्हर लागायचा आणि तो प्रकार पुढे ड्रायव्हरमधूनच गेला. २०१९ मध्ये मेलानॉक्सने स्कायवे आणला, आठ कार्डं घातलेला बॉक्स, एका बाजूला इन्फिनीबँडचे आठ पोर्ट, दुसऱ्या बाजूला इथरनेटचे आठ, मिळून १.६ टेराबिटपर्यंत. आणि २०२० मध्ये मेलानॉक्सच एनव्हिडियाकडे गेली. हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की या बाजारात विकणारे कमी कमी होत गेलेत, आज घेतलेल्या बॉक्सचं फर्मवेअर पाच वर्षांनी कोण देणार हा प्रश्न कोटेशनवर सही करण्याआधी विचारायचा असतो.

आता मुद्द्याचं. आजचे गेटवे हे मूळात आयपी राउटर आहेत. आयपीओआयबीचं पॅकेट आत घेतात, आयपी हेडर बघतात, इथरनेटची फ्रेम लावून बाहेर सोडतात. आरडीएमए पलीकडे जात नाही. तुमचा नोड इन्फिनीबँडवर, एनएएस इथरनेटवर, मधे गेटवे, तर त्या दोघांत साधं टीसीपीच चालणार, बॉक्स कितीही महाग असला तरी. म्हणून बॉक्स किती गिगाचा हे नंतर बघा. पलीकडे नेमका कुठला ट्रॅफिक जायचाय आणि त्याला आरडीएमए खरंच लागतो का, हे आधी कागदावर लिहा. तुमच्या बाबतीत एनएफएस (नेटवर्कवरून फायली वापरायची पद्धत) ओव्हर टीसीपी, तर दोन साधे सर्व्हर पुरतील असं माझं स्पष्ट मत.

मीनल_ऐरोली

काकांशी सहमत. आमच्याकडे ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका डेटा सेंटरमध्ये असा लिनक्स राउटर चालू आहे म्हणून काही गोष्टी लिहिते.

व्हीपीआय म्हणतात ती दोन पोर्टची कार्डं घ्या, एक पोर्ट इन्फिनीबँडवर ठेवा, दुसरा इथरनेटवर, कार्डाच्या फर्मवेअर सेटिंगमध्ये लिंक टाइप बदलता येतो. पण स्लॉटचं गणित करा. पीसीआय जेन ३ चा १६ लेनचा स्लॉट एका दिशेला साधारण १२६ गिगाबिट, प्रत्यक्षात त्याहून कमी. राउटरमध्ये प्रत्येक बाइट कार्डातून मेमरीत येतो आणि परत कार्डात जातो, म्हणजे नोडकडून एनएएसकडे १०० गिग चालले असतील तर स्लॉटच्या दोन्ही दिशा भरल्या, त्याच वेळी उलट्या बाजूने वाचन सुरू झालं की जागाच नाही. एकाच कार्डावर दोन्ही करायचं तर जेन ४ घ्या, नाहीतर दोन कार्डं दोन स्लॉटमध्ये, आणि दोन्ही एकाच सीपीयूच्या बाजूला असू द्या, नाहीतर डेटा उगाच दोन प्रोसेसरमधे ये-जा करत बसतो.

दुसरं म्हणजे पॅकेटची संख्या. आयपीओआयबीचा डेटाग्राम मोड डीफॉल्टने बऱ्याचदा २०४४ एमटीयूवर (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) असतो. १०० गिग भरायला सेकंदाला साठ लाखांच्या आसपास पॅकेट लागतात, कर्नलला ते झेपत नाही. ४०९२ केलंत तर निम्मे. त्यासाठी फक्त नोडवर एमटीयू वाढवून चालत नाही, ओपनएसएमच्या पार्टिशन (जाळ्यातला वेगळा गट) फायलीत त्या पार्टिशनचा एमटीयू ५ लिहावा लागतो, तिथे ५ म्हणजे ४०९६ आणि ४ म्हणजे २०४८, मग त्यातले ४ बाइट हेडरला जाऊन ४०९२ हाती येतात. जुन्या लेखांत कनेक्टेड मोडमध्ये ६५५२० ठेवा असं वाचाल, त्याच्या मागे लागू नका, नव्या कार्डांच्या एनहान्स्ड आयपीओआयबीत तो मोड नाहीच आणि पलीकडे इथरनेट ९००० चं असताना फायदाही नाही.

राउटरवर आयपी फॉरवर्डिंग चालू ठेवा, आणि आलेली पॅकेट एकत्र चिकटवणाऱ्या दोन सोयींपैकी एलआरओ बंद, जीआरओ चालू ठेवा. एलआरओ पॅकेट अशी चिकटवतो की पुढे पाठवताना ती मूळ रूपात परत मिळत नाहीत.

कोपरीचा_सँडी

एक बाळबोध प्रश्न, रागावू नका. एवढं सगळं करण्यापेक्षा अख्खा क्लस्टरच इथरनेटवर नेला तर? आरओसीई म्हणून इथरनेटवरचा आरडीएमए आहे ना, तो पण मिळेल आणि एनएएस पण त्याच स्विचवर. मेटाने २०२४ मध्ये दोन क्लस्टर जाहीर केले होते, प्रत्येकी २४,५७६ जीपीयूचे, एक इन्फिनीबँडवर आणि एक आरओसीईवर, आणि दोन्ही त्यांनी मोठ्या कामाला लावले.

जुनापॅकेट

रागवायचं काय, चांगला प्रश्न आहे. नवीन क्लस्टर घेत असते तर मी पण विचार कर म्हणून सांगितलं असतं. आरओसीईची दुसरी आवृत्ती २०१४ ची, यूडीपी पोर्ट ४७९१ वर तेच इन्फिनीबँडचं ट्रान्सपोर्ट चालतं, प्रोग्रॅमला फरक कळत नाही. पण इन्फिनीबँडमध्ये पुढच्या पोर्टकडे जागा असल्याचं क्रेडिट आल्याशिवाय पॅकेट सुटतच नाही, म्हणून गर्दीमुळे पॅकेट पडणं हा प्रकार जवळपास नाही. इथरनेटवर ते जमवायला पीएफसी (पाठवणाऱ्याला थांबवणं) आणि ईसीएन (गर्दीची खूण करणं) दोन्ही प्रत्येक स्विचवर, प्रत्येक पोर्टवर बरोबर बसवावं लागतं आणि ते सांभाळणारा माणूस लागतो. मेटाकडे त्यासाठी माणसांची फौज आहे, महापेच्या लॅबमध्ये बहुतेक हे एकटेच.

अजून एक दिशा आहे ती पण सांगतो. क्रे कंपनीचं स्लिंगशॉट जाळं, जे फ्रंटियर या सुपरकॉम्प्युटरवर आहे, ते मुळातच इथरनेटशी जुळणारं आहे, साधं इथरनेट थेट जोडता येतं, गेटवेची गरज उरत नाही. आणि २०२३ मध्ये अशा कामांसाठी इथरनेट सुधारायला अल्ट्रा इथरनेट कन्सॉर्शियम निघालं, त्यांचं पहिलं स्पेसिफिकेशन २०२५ मध्ये आलं. म्हणजे हा गेटवे प्रकार कदाचित पुढच्या खरेदीला लागणार नाही. त्यामुळेच आज त्यात जास्त पैसे अडकवू नयेत असं मला वाटतं.

घणसोलीकर

काका, मीनलताई, खूप खूप आभार. एकटाच आहे हे बरोबर ओळखलंत. 🙂

दोन राउटरचं पक्कं करतोय, स्विचवर ४ पोर्ट शिल्लक आहेत त्यातले २ जातील. पण तो एमपीआय मंदावण्याचा प्रश्न राहिलाच. राउटर आल्यावर तर अजून जास्त डेटा त्या दोन पोर्टांकडे धावणार, मग हा त्रास वाढेल का?

वागळे_इस्टेट

वाढेल. मोकळा सोडलात तर नक्की वाढेल, आणि माझ्या मते या धाग्यात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, वेगाचे आकडे नंतर.

वर काकांनी क्रेडिटचं लिहिलंय. आता २८ नोड एकाच वेळी राउटरच्या एका पोर्टकडे लिहायला लागले, तो पोर्ट १०० चा, मागणी त्याच्या कितीतरी पट. इथरनेट असतं तर स्विचने पॅकेट फेकून दिली असती आणि टीसीपी हळू झाला असता. इथे फेकायचं नाही, मग स्विचचं बफर भरतं, तो मागच्याला क्रेडिट देणं थांबवतो, मागचा त्याच्या मागच्याला, असं करत गर्दी थेट पाठवणाऱ्या नोडच्या कार्डापर्यंत येते. आणि त्या कार्डातून जाणारं एमपीआयचं पॅकेट, ज्याला राउटरकडे जायचंच नाहीये, ते त्याच रांगेत मागे उभं. ऐरोली पुलावर गाड्या तुंबल्या की पूल ओलांडायचाच नसलेला माणूस पण अलीकडच्या सिग्नलला अर्धा तास अडकतो, तसं.

तपासायला पर्फक्वेरी या कमांडने स्विचच्या पोर्टांचे काउंटर बघा, त्यात पोर्ट-एक्समिट-वेट नावाचा एक आहे, पाठवायला डेटा आहे पण क्रेडिट नाही म्हणून किती थांबावं लागलं ते तो मोजतो. कॉपी चालू असताना आणि नसताना दोन्ही वेळा घ्या, फरक दिसेल.

उपाय असा की आयपीओआयबीसाठी वेगळं पार्टिशन करा आणि त्या पार्टिशनला वेगळा सर्व्हिस लेव्हल (ट्रॅफिकच्या वर्गाचा नंबर) द्या, मग ओपनएसएममध्ये क्यूओएस (कोणाला किती प्राधान्य ते ठरवणारी सोय) चालू करून तो सर्व्हिस लेव्हल वेगळ्या व्हर्च्युअल लेनवर टाका. प्रत्येक व्हर्च्युअल लेनचं बफर आणि क्रेडिट वेगळं असतं, स्टोरेजची लेन तुंबली तरी एमपीआयची मोकळी राहते. लेनमधला वाटा पण ठरवता येतो, एमपीआयला जास्त द्या. महागातला अप्लायन्स घेतला असतात तरी हे काम तुम्हालाच करावं लागलं असतं, कारण गर्दी बॉक्सच्या आधी, तुमच्या स्विचमध्ये होते.

मीनल_ऐरोली

वागळे, हे फार नेमकं लिहिलंत. वेगळ्या पार्टिशनला माझं पण अनुमोदन, एमटीयू पण तिथेच ठरवता येतो, एमपीआयच्या पार्टिशनला हात लागत नाही.

स्नेहल_खारघर

मी सिक्युरिटीच्या बाजूने बोलते, कारण अजून कोणीच बोललं नाहीये.

आत्तापर्यंत तुमचे कंप्युट नोड बाहेरून दिसतच नव्हते. आत पासवर्डशिवाय एसएसएच, जुने पॅकेज, महिनोन्‌महिने न लावलेले पॅच, हे सगळं त्या भरवशावर चालतं. बहुतेक क्लस्टरवर हेच चित्र असतं. राउटर लावला की ऑफिसच्या नेटवर्कवरून नोडपर्यंत रस्ता तयार होतो. म्हणून नोडवर डीफॉल्ट रूट राउटरकडे अजिबात देऊ नका, फक्त एनएएसच्या सबनेटचा स्टॅटिक रूट द्या. एनएएसला वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) ठेवा जिथे दुसरं कोणी नाही. आणि राउटरवर फिल्टर लावा, त्या सबनेटपलीकडचं काहीच पुढे जाऊ नये. एनएएसवर रूट-स्क्वॉश (नोडवरच्या रूटला एनएएसवर रूटचे अधिकार न देणं) चालू आहे ना तेही बघून घ्या, एनएफएस आवृत्ती ३ असेल तर ते यूजर नंबरवर डोळे मिटून विश्वास ठेवतं.

वागळे_इस्टेट

स्नेहलताईंना जोड. फिल्टर लावाल तो स्टेटलेस, म्हणजे कनेक्शन लक्षात न ठेवणारा, लावा. दोन राउटर असल्यावर जाताना पॅकेट एकातून आणि येताना दुसऱ्यातून असं होऊ शकतं, कनेक्शन ट्रॅकिंग असेल तर दुसऱ्या राउटरला सुरुवातच माहीत नसते आणि तो पॅकेट अवैध म्हणून टाकतो. शिवाय एवढ्या वेगाला ट्रॅकिंगमध्ये सीपीयू फुकट जातो. पत्त्यावर आणि पोर्टवर साधा नियम पुरेसा आहे.

रबाळेचा_केबलवाला

@घणसोलीकर, माझ्याकडे ईडीआरचं एक व्हीपीआय कार्ड जुन्या कामातलं पडून आहे, चालू आहे. ऑर्डर द्यायच्या आधी करून बघायचं असेल तर घेऊन जा, संध्याकाळी ऐरोली स्टेशनला भेटता येईल, मी ट्रान्स हार्बरनेच जातो.

घणसोलीकर

@केबलवाला, तुमच्या विचारपुशीत निरोप टाकलाय. मनापासून आभार.

कोपरीचा_सँडी

लस्टर ही क्लस्टरची फाइल सिस्टिम असती तर पण हेच केलं असतं का? आमच्या कॉलेजात लस्टर लावायचं चाललंय म्हणून विचारतो.

जुनापॅकेट

नाही, लस्टरसाठी त्याहून चांगली सोय लस्टरमध्येच आहे. एलनेट राउटर म्हणतात. एका बाजूला ओ२आयबी (म्हणजे इन्फिनीबँड), दुसऱ्या बाजूला टीसीपी, मधल्या मशीनवर एलनेटचं फॉरवर्डिंग चालू करायचं. फायदा असा की नोडपासून राउटरपर्यंत खरा आरडीएमए चालतो आणि टीसीपी फक्त पलीकडच्या अर्ध्यात, त्यामुळे कंप्युट नोडचा सीपीयू वाचतो. एकापेक्षा जास्त राउटर दिले की तो काम वाटूनही घेतो आणि एखादा मेला तर बाजूला काढतो. मोठ्या केंद्रांमध्ये गेली कित्येक वर्षं हे वापरात आहे. पण तो फक्त लस्टरचा ट्रॅफिक नेतो, बाकी काही नाही. घणसोलीकरांचं एनएएस एनएफएसवालं, म्हणून त्यांना आयपी राउटरच.

घणसोलीकर

मंडळी, अपडेट देतोय, जरा लांब आहे.

केबलवाल्यांचं कार्ड एका जुन्या पण जेन ३ च्या सर्व्हरमध्ये घातलं, वेगळं पार्टिशन केलं, ४०९२ एमटीयू, दोन नोडवर स्टॅटिक रूट. पिंग गेलं, माउंट झालं, छोट्या फोल्डरची यादी आली, आणि मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सगळं गोठलं. एरर नाही, काही नाही, नुसतं लटकलेलं. मोठ्या फोल्डरची यादी मागितली तरी तेच.

शेवटी डू-नॉट-फ्रॅगमेंट लावून वेगवेगळ्या आकाराचे पिंग पाठवले तेव्हा कळलं की राउटर आणि एनएएसच्या मधला जो इथरनेट स्विच आहे त्याच्या एका पोर्टवर जंबो (१५०० बाइटपेक्षा मोठ्या) फ्रेम चालूच नव्हत्या. एनएएस ९००० वर, राउटरचं इथरनेट ९००० वर, मधला पोर्ट १५०० वर. स्विच लेयर २ वर असल्यामुळे तो मोठी फ्रेम गपचूप टाकतो, पाठवणाऱ्याला कळवत नाही. टीसीपी दोन्ही टोकांचा आकार बघून ठरवतो, मधलं त्याला दिसत नाही, म्हणून छोटं सगळं चालतं आणि मोठं अडकतं. नेटवर्कवाल्यांनी पोर्ट दुरुस्त केला आणि लगेच चालू.

मग वेग. एका टीसीपी कनेक्शनला राउटरच्या एकाच कोअरवर सगळा भार येतो, तिथेच अडतं. एनएफएस माउंटला एनकनेक्ट ८ दिलं, म्हणजे एकाच माउंटसाठी आठ कनेक्शन, हे कर्नल ५.३ पासून आहे आणि १६ पर्यंत देता येतं. त्यानंतर एकट्या नोडवरूनच लॉगिन नोडच्या १० गिगपेक्षा कितीतरी जास्त मिळायला लागलं आणि दोन्ही नोड मिळून एनएएसच्या स्वतःच्या लिहिण्याच्या वेगाला जाऊन भिडले. म्हणजे आमच्या बाबतीत आता अडथळा राउटर नाही, डिस्क आहेत. व्हेंडरच्या बॉक्सचे टेराबिट आम्ही कधी वापरूच शकलो नसतो.

आणि @वागळे, तुमचं म्हणणं तंतोतंत निघालं. क्यूओएसच्या आधी कॉपी चालू असताना पोर्ट-एक्समिट-वेट झरझर वाढत होता, तोही एमपीआय जॉबच्या नोडांच्या पोर्टांवर. व्हर्च्युअल लेन वेगळी केल्यावर स्टोरेजच्या गर्दीत सुद्धा जॉबची प्रत्येक इटरेशन पूर्वीच्याच वेळेत होतेय. मला या सगळ्या कामात याचाच आनंद सगळ्यात जास्त आहे, कारण मुलं दोन वर्षं ही तक्रार करत होती आणि त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नव्या दोन सर्व्हरची आणि जेन ४ च्या कार्डांची ऑर्डर गेली, गेटवेचं कोटेशन परत पाठवलं.

स्नेहल_खारघर

छान. सगळ्या नोडवर रूट टाकताना एक बघा, एखाद्या नोडवर स्टॅटिक रूट राहिला तर माउंट तरीही होऊ शकतं, मॅनेजमेंटच्या १ गिगवरून. कोणाला कळत नाही, फक्त तो एक नोड मठ्ठ वाटतो आणि सुरक्षेचा फिल्टर पण चुकवला जातो. एनएएसच्या एक्स्पोर्टमध्ये फक्त इन्फिनीबँडच्या सबनेटला परवानगी ठेवा, मग असा नोड माउंटच करू शकणार नाही आणि लगेच लक्षात येईल.

घणसोलीकर

हे आजच करतो. 👍

वागळे_इस्टेट

दुसरा राउटर आला की फेलओव्हरचं (एक पडला की दुसऱ्याने काम घेण्याचं) काय ठरवलंय? त्यासाठी कीपअलाइव्हड हा प्रोग्रॅम वापरणार असाल तर व्हर्च्युअल मॅकचा पर्याय इन्फिनीबँडच्या बाजूला वापरू नका, २० बाइटच्या पत्त्यात क्यूपी नंबर आणि जीआयडी त्या कार्डाचेच असतात, ते दुसऱ्या मशीनवर उचलून नेता येत नाहीत. फक्त आयपी हलवा आणि ग्रॅच्युइटस एआरपीने (न विचारता केलेली पत्त्याची घोषणा) नोडना नवा पत्ता कळू द्या. आणि दोन्ही बाजूंचे आयपी एकाच सिंक ग्रुपमध्ये बांधा, म्हणजे दोन्ही बरोबरच हलतील. नाहीतर इथरनेटची केबल निघाली तरी इन्फिनीबँडचा आयपी त्याच राउटरवर बसून राहतो, नोड बिचारे त्यालाच पॅकेट देत राहतात आणि पुढे रस्ता नाही.

आणि ओपनएसएम एकाच लॉगिन नोडवर आहे म्हणालात. ते बंद पडलं तर चालू असलेले रस्ते चालत राहतात, स्विचमध्ये लिहिलेले असतात म्हणून. पण फेलओव्हर झाल्यावर नोडना नव्या राउटरच्या जीआयडीचा रस्ता सबनेट मॅनेजरलाच विचारावा लागतो आणि नेमका तेव्हा तो नसेल तर फेलओव्हर फुकट. दुसऱ्या लॉगिन नोडवर कमी प्रायॉरिटीचा ओपनएसएम उभा करा, पार्टिशन आणि क्यूओएसच्या फायली दोन्हीकडे सारख्या ठेवा. त्या वेगळ्या असल्या तर ताबा बदलताच तुमचं पार्टिशन गायब होईल.

घणसोलीकर

सिंक ग्रुप डोक्यात होता, दुसऱ्या ओपनएसएमचा विचार नव्हता केला, आभार. फायली गिटमध्ये ठेवून दोन्हीकडे एकाच ठिकाणाहून जातील असं करतो. नवे सर्व्हर बसले की आधी इथरनेटची केबल काढून, मग इन्फिनीबँडची, मग चालू राउटर सरळ बंद करून बघणार, माउंट हार्ड आहे, म्हणजे एनएएसचं उत्तर येईपर्यंत थांबणारं, त्यामुळे जॉबने थांबून पुढे चालायला हवं.

कोपरीचा_सँडी

दादा, पार्टिशनची आणि क्यूओएसची फाइल इथे टाकाल का? आयपी वगैरे काढून.

घणसोलीकर

टाकतो की. साहेबांना विचारून शनिवारी याच धाग्यात प्रतिसादात देतो, कीपअलाइव्हडची पण देतो.